चादर कापली तर किती धागे तुटतात? घन पदार्थांतला क्वांटम गुंता, आकड्यांसकट

सोलापुरी चादर जमिनीवर पसरा आणि मधोमध खडूने दहा इंची चौकोन आखा. तो कात्रीने कापून काढायचा झाला, तर धाग्यांना किती ठिकाणी छेद जाईल? इंचाला उभे-आडवे चाळीस-चाळीस धागे धरा. चारही बाजू मिळून १६०० छेद होतात. आता चौकोन वीस इंची करा. आतलं कापड चौपट होतं, छेद मात्र दुप्पट, म्हणजे ३२००. चौकोनाच्या पोटात कितीही नक्षी असू दे, कात्रीला फक्त कडेवरचे धागे लागतात.

स्फटिकातल्या असंख्य इलेक्ट्रॉनांच्या क्वांटम गुंत्याबद्दल गेल्या तीसेक वर्षांत जे कळलं, त्याचा मोठा भाग या हिशेबात मावतो. पदार्थाचा एक तुकडा मनातल्या मनात उरलेल्यापासून वेगळा करायचा आणि ‘किती तुटलं’ ते मोजायचं. हा आकडा लहान असेल, तर तो पदार्थ साध्या लॅपटॉपवर सोडवता येतो. मोठा असेल, तर महासंगणकही हात टेकतो.

आधी गुंता म्हणजे काय ते दोन कणांवर पाहू. प्रत्येक इलेक्ट्रॉनला स्पिन, म्हणजे इवल्याशा चुंबकासारखा एक गुण, असतो. तो एखाद्या दिशेने मोजला की उत्तर ‘वर’ किंवा ‘खाली’ यांपैकीच एक येतं. शेजारच्या दोन स्पिनांना एकमेकांच्या उलट राहायला आवडत असेल (बहुतेक चुंबकीय विद्युतरोधकांत तसंच असतं), तर आपली साधी समजूत सांगते की एक वर, एक खाली, विषय संपला. त्यांच्यातल्या परस्परक्रियेचं बळ १ धरलं, तर या मांडणीची ऊर्जा −०.२५ भरते. पण निसर्गाकडे याहून स्वस्त सौदा आहे. ‘पहिला वर, दुसरा खाली’ यातून ‘पहिला खाली, दुसरा वर’ वजा केलं की जी एकत्रित अवस्था मिळते, तिला सिंगलेट म्हणतात. तिची ऊर्जा −०.७५, म्हणजे तिप्पट खाली.

सिंगलेटची गंमत अशी की जोडीबद्दल सगळं माहीत असतं आणि एकेकट्याबद्दल काहीच नसतं. कुठल्याही दिशेने मोजा, एकट्या स्पिनचं उत्तर निम्म्या वेळा वर, निम्म्या वेळा खाली. हे समजावताना चपलांच्या जोडाचं उदाहरण दिलं जातं: एका पिशवीत डावी निघाली की दुसरीत उजवी असणारच. हे उदाहरण सोडून दिलेलं बरं. चप्पल पिशवीत टाकतानाच डावी किंवा उजवी ठरलेली असते, स्पिनचं तसं नसतं. हा फरक प्रयोगाने तपासता येतो, हे जॉन बेल यांनी १९६४ मध्ये दाखवलं आणि तसे प्रयोग करणाऱ्या आस्पे, क्लाउझर आणि त्साइलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं. चादरीच्या उपमेलाही इथे मर्यादा आहे. धाग्याला स्वतःचा रंग असतो, गुंतलेल्या स्पिनला स्वतःची अवस्थाच नसते.

तिसरा स्पिन आला की घन पदार्थांची खरी गोष्ट सुरू होते. तीन स्पिन एका ओळीत ठेवा. मधल्याला दोन्ही शेजाऱ्यांशी सिंगलेट करता आलं असतं, तर ऊर्जा −१.५ झाली असती. गणित केलं की उत्तर येतं बरोबर −१. मधला स्पिन एकाच वेळी दोघांशी पूर्ण गुंतू शकत नाही, त्याला वाटणी करावी लागते. याच ओढाताणीमुळे लांब साखळीतला प्रत्येक स्पिन थोडा इकडे, थोडा तिकडे गुंततो आणि गुंता दूरवर पसरतो. हान्स बेटे यांच्या १९३१ च्या पद्धतीने अशा अनंत साखळीची ऊर्जा काटेकोर काढता येते. ती दर स्पिनमागे −०.४४३१ आहे. गुंता अजिबात नसता, तर −०.२५ च्या खाली जाताच आलं नसतं. हा −०.२५ लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आता चार स्पिनांची साखळी घेऊ. हे गणित कागदावर करण्याजोगं आहे आणि पुढच्या बहुतेक युक्त्या नि चुका त्यात आधीच दिसतात. चार स्पिनांच्या १६ मांडण्या होतात आणि प्रत्येक मांडणीला एक आकडा लागतो, म्हणजे अवस्था १६ आकड्यांची. साखळी मधोमध तोडायची, तर हे १६ आकडे ४ × ४ च्या चौकटीत मांडा: ओळी डाव्या दोन स्पिनांच्या चार मांडण्यांच्या, स्तंभ उजव्या दोघांच्या. या मॅट्रिक्सचं (आकड्यांच्या चौकटीचं) सिंग्युलर व्हॅल्यू डीकंपोझिशन, म्हणजे एसव्हीडी, करा; चौकट महत्त्वाच्या क्रमाने सुट्या भागांत फोडण्याची ही रीत. चार सिंग्युलर व्हॅल्यू मिळतात: ०.९६६ आणि तीन वेळा ०.१४९. त्यांचे वर्ग ०.९३३, ०.०२२३, ०.०२२३, ०.०२२३. बेरीज १ यायलाच हवी. ती आली नाही, तर अवस्था नॉर्मलाइझ करायची, म्हणजे सगळ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज १ करून घ्यायची, राहिली आहे, पुढे जाऊ नका. प्रत्येक वर्गाला त्याच्याच लॉगने गुणून बेरीज करा आणि चिन्ह बदला. लॉग २ च्या पायात घेतला, तर उत्तर ०.४६ बिट. हीच गुंत्याची एन्ट्रॉपी, ‘किती तुटलं’ याचं माप. एक अख्खं सिंगलेट तुटलं की १ बिट.

आता तीच साखळी पहिल्या स्पिननंतर तोडा. उत्तर पूर्ण १ बिट येतं. तिसऱ्यानंतर तोडली तरी १. म्हणजे छेद सरकवत नेला की १, ०.४६, १ असा हिंदकळणारा आलेख मिळतो. टोकाच्या स्पिनला शेजारी एकच असल्यामुळे तो त्याच्याशी घट्ट जोडी जमवतो, मग मधल्या दुव्याच्या वाट्याला कमी उरतं. शंभर स्पिनांच्या साखळीतही हा सम-विषम झोका दिसतो, मधोमध जाताना हळूहळू मंदावतो. पहिल्यांदा हे काम करणारा विद्यार्थी हमखास प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतो. चूक नसते. मात्र सम आणि विषम छेदांचे बिंदू एकाच वक्रात बसवले, तर निष्कर्ष चुकतो. दोन वेगळे वक्र काढावे लागतात.

एवढं सगळं करायचं कशाला, अवस्था थेट साठवली तर? थोडा हिशेब करू. प्रत्येक स्पिनमागे आकड्यांची संख्या दुप्पट होते. एका आकड्याला १६ बाइट धरले, तर ३० स्पिनांना सुमारे १७ जीबी, ४० ना साडेसतरा टीबी, ५० ना अठरा हजार टीबी. ३०० स्पिनांना जेवढे आकडे लागतील, तेवढे अणू दिसणाऱ्या विश्वातही नाहीत. तुरटीच्या खड्यात किती अणू असतात ते वेगळं सांगायला नको.

थोडी काटकसर होते. एकूण वर आणि एकूण खाली सारखेच असतील अशाच मांडण्या ठेवल्या, तर २८ स्पिनांना ४,०१,१६,६०० आकडे पुरतात. ते वास्तव संख्या असल्याने ८ बाइटांत बसतात, म्हणजे एक सदिश (आकड्यांची ही अख्खी यादी) ३२१ एमबीचा. सर्वांत खालची ऊर्जा टप्प्याटप्प्याने शोधणाऱ्या लान्झोस पद्धतीला असे दोन-तीन सदिश लागतात, तेव्हा ८ जीबीच्या लॅपटॉपवर हे जमतं. अट एकच, ऊर्जेचं मॅट्रिक्स साठवायचं नाही, लागेल तसं जागेवर काढायचं. पूर्ण मॅट्रिक्स साठवायला गेलात, तर १४ स्पिनांनाच २.१ जीबी लागतात आणि १६ ना ३४ जीबी. ‘मेमरी एरर’ म्हणून येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं.

खरी सुटका त्या चार सिंग्युलर व्हॅल्यूंमध्ये आहे. एक मोठी, बाकीच्या किरकोळ. किरकोळ टाकून दिल्या तर? फक्त पहिली ठेवली, तर साखळी दोन सुट्या सिंगलेट जोड्यांची होते. ऊर्जा −१.६१६ च्या जागी −१.५, म्हणजे सात टक्के चूक. १६ आकड्यांची अवस्था दोन जोड्यांत आणून ठेवल्यावर हे वाईट नाही. इथे एक सापळा आहे. ‘दोन ठेवू या’ म्हणून पहिली आणि उरलेल्या तिघींपैकी एक ठेवली, तर घात होतो. त्या तिघी एकाच कुटुंबातल्या आहेत. एकीला ठेवून दोघींना हाकललं, तर अवस्थेला अवकाशात एक खास दिशा मिळते, जी मूळ प्रश्नात नव्हतीच. मग नसलेलं चुंबकत्व उत्तरात डोकावतं. नियम असा की समान मूल्यांचा गट ठेवायचा तर अख्खा, टाकायचा तर अख्खा.

स्टीव्हन व्हाइट यांनी १९९२ मध्ये मांडलेली डीएमआरजी (डेन्सिटी मॅट्रिक्स रीनॉर्मलायझेशन ग्रुप) पद्धत हेच काम शिस्तीत करते. साखळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकायचं, दर छेदावर एसव्हीडी करायचं, सर्वांत मोठी ठरावीक मूल्यं ठेवायची, बाकीच्यांच्या वर्गांची बेरीज नोंदवायची. मग उलट फिरायचं. मागावर धोटा इकडून तिकडे जातो आणि परत येतो, तसंच. ठेवलेल्या मूल्यांच्या संख्येला बाँड डायमेन्शन म्हणतात. शंभर स्पिनांना ते २०० ठेवलं, तर साधारण ८० लाख आकडे लागतात, म्हणजे ६४ एमबी. बाँड डायमेन्शन दुप्पट केलं की मेमरी चौपट आणि वेळ आठपट. सुरुवात ५० पासून करावी, फेऱ्यांगणिक वाढवावं. एकदम हजाराने सुरुवात केली, तर प्रोग्रॅम रांगतो आणि चुकीच्या अवस्थेत अडकण्याची शक्यता काही कमी होत नाही. शेवटी टाकलेल्या वजनासमोर, म्हणजे नोंदवलेल्या त्या बेरजेसमोर, ऊर्जेचा आलेख काढावा. तो सरळ रेषेत येत असेल, तर शून्यापर्यंत वाढवून खरी ऊर्जा वाचता येते. येत नसेल, तर फेऱ्या पुरेशा झालेल्या नाहीत.

ही पद्धत चालते ती चादरीच्या नियमामुळे. साखळीची ‘कड’ म्हणजे एक बिंदू, तेव्हा साखळी कितीही लांब असली तरी छेदाची एन्ट्रॉपी एका मर्यादेत राहायला हवी. जवळच्याच परस्परक्रिया आणि तळाच्या (सर्वांत कमी ऊर्जेच्या) अवस्थेवर ऊर्जेचं अंतर, म्हणजे गॅप, या दोन अटी असल्या की एका मितीत असंच घडतं, हे मॅथ्यू हेस्टिंग्ज यांनी २००७ मध्ये सिद्ध केलं. दोन मितींसाठी सर्वसाधारण सिद्धता अजून नाही. हा नियम आपसूक येणारा नव्हे, बरं का. सगळ्या शक्य अवस्थांमधून चिठ्ठी टाकून एखादी उचलली, तर तिच्या निम्म्या भागाची एन्ट्रॉपी जवळजवळ कमाल असते. चादरीच्या भाषेत, पोटातला प्रत्येक धागा बाहेर कुठेतरी बांधलेला. जवळच्याच शेजाऱ्यांशी देणंघेणं असलेल्या पदार्थांच्या तळाच्या अवस्था म्हणजे या अफाट गर्दीतला एक लहानसा कोपरा आहे.

गॅप असलेल्या साखळीचं उत्तम उदाहरण स्पिन-१ ची साखळी (आतापर्यंतचा इलेक्ट्रॉनचा स्पिन अर्धा, हा त्याच्या दुप्पट). डंकन हॉल्डेन यांनी १९८३ मध्ये तिला गॅप असणार असं सांगितलं, तेव्हा पुष्कळांना पटलं नव्हतं. आज गॅपची किंमत ०.४१०५ अशी पक्की माहीत आहे, तीही डीएमआरजीमुळेच. तिचं चित्र असं: प्रत्येक स्पिन-१ मध्ये दोन अर्धे स्पिन मानायचे, एकाने डाव्या शेजाऱ्याशी सिंगलेट करायचं, दुसऱ्याने उजव्याशी. कुठेही कापा, एकच जोडी तुटते. टोकांना मात्र एकेक अर्धा स्पिन बिनजोडीचा लोंबत राहतो, चादरीच्या दशांसारखा. या दशाच नवख्याला फसवतात. मोकळ्या टोकांची साखळी सोडवून सर्वांत खालच्या दोन ऊर्जांची वजाबाकी केली, तर गॅप जवळजवळ शून्य येतो, कारण दुसरी अवस्था केवळ दशा हलवून मिळालेली असते. उपाय दोन आहेत. टोकांना खरेखुरे अर्धे स्पिन जोडून दशांच्या गाठी मारायच्या, किंवा एकूण स्पिन २ आणि १ असलेल्या सर्वांत खालच्या अवस्थांच्या ऊर्जांमधला फरक घ्यायचा.

गॅप नसेल, तर एन्ट्रॉपी वाढते, पण अगदी सावकाश, लांबीच्या लॉगने. मोकळ्या टोकांच्या अर्ध्या-स्पिनांच्या साखळीत लांबी १०० ची २०० केली, तर मधल्या छेदाची एन्ट्रॉपी फक्त एक षष्ठांश बिटाने वाढते. त्यामुळे इथेही डीएमआरजी निभावून नेते. ती कोलमडते दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे काळ. साखळीला अचानक धक्का दिला, समजा परस्परक्रियेचं बळच बदललं, तर गुंता वेळेबरोबर सरळ रेषेत वाढत जातो. वाढलेल्या दर बिटामागे बाँड डायमेन्शन दुप्पट करावं लागतं. काही वेळाने आलेख अचानक सपाट होतो. पुष्कळ जण त्याला ‘समतोल आला’ समजतात. आधी तपासा, तो सपाटपणा तुमच्याच बाँड डायमेन्शनच्या लॉगएवढा तर नाही ना?

दुसरं ठिकाण म्हणजे रुंदी. दोन मितींतली जाळी नळीसारखी गुंडाळून डीएमआरजीला दिली, तर कापलेली कड नळीच्या घेराएवढी असते. एन्ट्रॉपी घेराच्या प्रमाणात वाढते आणि बाँड डायमेन्शन घातांकाने. दहा-बारा स्पिनांच्या घेरापर्यंत जाता जाता दमछाक होते.

दोन मितींत एक विलक्षण गोष्ट दिसते. काही पदार्थांच्या प्रतिमानांत एन्ट्रॉपी कडेच्या प्रमाणात येते खरी, पण त्यातून एक ठरावीक रक्कम कायम वजा झालेली असते, तुकडा लहान असो की मोठा. कितायेव आणि प्रेस्किल, तसंच लेविन आणि वेन यांनी २००६ मध्ये हे दाखवलं. कारण समजायला बांगड्या घ्या. चादरीवर खडूने वर्तुळ आखा आणि बांगड्या वेड्यावाकड्या पसरा. खडूची रेघ बांगड्यांनी किती ठिकाणी ओलांडली ते मोजा. आकडा नेहमी सम येतो, कारण आत गेलेली बांगडी बाहेर यावीच लागते. या पदार्थांची अवस्था अशाच बंद वेटोळ्यांची मिळून बनलेली असते. कडेवरच्या सगळ्या ओलांडण्या मोजल्या आणि शेवटची एक झाकून ठेवली, तरी ती बाकीच्यांवरून कळते. तेवढी एक बिट माहिती मोकळी राहत नाही, म्हणून एन्ट्रॉपीतून बरोबर १ बिट वजा.

असा खरा पदार्थ शोधण्याची धडपड हर्बर्टस्मिथाइट या तांब्याच्या हिरव्या खनिजाभोवती बरीच चालली आहे. त्यातले तांब्याचे अणू टोपलीच्या त्रिकोण-षटकोनी विणीत बसलेले असतात. त्रिकोणात दोघे उलट झाले की तिसऱ्याची पंचाईत, त्यामुळे परस्परक्रियेचं बळ, तापमानाच्या भाषेत, १८०–२०० केल्विनच्या घरात असूनही ०.०५ केल्विनपर्यंत स्पिन ठराविक रचनेत गोठत नाहीत. अडचण वेगळीच आहे. तांब्याच्या थरांमध्ये जस्ताच्या जागा असतात, तिथे काही ठिकाणी तांबंच जाऊन बसतं. हे उपरे स्पिन संख्येने कमी, पण अतिथंड तापमानाला सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच. मोजलेल्या आकड्यातला किती भाग खऱ्या थराचा आणि किती या उपऱ्यांचा, यावरच निम्मा वाद आहे.

एन्ट्रॉपी प्रयोगात थेट मोजता येते का? येते, पण अगदी लहान प्रणालीत. हार्वर्डमध्ये २०१५ साली रुबिडियमच्या चार अणूंची एक साखळी आणि तिची हुबेहूब जुळी साखळी लेसरच्या जाळीत शेजारी-शेजारी ठेवली. दोघींना एकमेकींत मिसळू दिलं आणि एका साखळीत, जागोजाग, अणू सम उरले की विषम ते पाहिलं. त्याच्या सरासरीवरून तुकडा किती गुंतलेला ते निघतं. तिथल्या सूक्ष्मदर्शकाला एका जागेवरचे अणू मोजता येत नव्हते, फक्त सम-विषम कळत होतं. एरवी हा दोष, इथे नेमकं तेवढंच हवं होतं! मात्र तुकडा वाढला की लागणाऱ्या मोजण्यांची संख्या घातांकाने फुगते. स्फटिकाच्या खड्यासाठी हा रस्ता बंद.

खड्यासाठी तो −०.२५ कामी येतो. शेजारच्या दोन स्पिनांमधलं परस्परनातं (म्हणजे बळ १ धरून येणारी त्यांची ऊर्जा) त्याच्या खाली गेलेलं दिसलं, तर गुंता आहेच. हे नातं चुंबकीय ससेप्टिबिलिटीवरून (चुंबकीय क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो त्यावरून) किंवा न्यूट्रॉन विखुरण्यावरून काढता येतं. सुट्या जोड्यांसाठी तर सोपा नियम आहे: जोडी सिंगलेटमध्ये असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असेपर्यंत गुंता टिकतो. सिंगलेट आणि वरच्या तीन अवस्थांमधलं ऊर्जेचं अंतर केल्विनमध्ये घ्या आणि १.१ ने भागा, ते शेवटचं तापमान. कॉपर नायट्रेटमध्ये अंतर ५ केल्विनच्या आसपास, म्हणून द्रव हेलियमच लागतो. इथे एन्ट्रॉपी वापरू नका. गरम पदार्थाच्या तुकड्याची एन्ट्रॉपी मुख्यतः उष्णतेची असते, गुंत्याची नव्हे.

सोलापुरातल्या कुठल्याही कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या कपाटात कॉपर अॅसिटेटची निळसर-हिरवी बाटली असण्याची शक्यता आहे. त्यात तांब्याचे अणू जोडीजोडीने बसतात. ब्लीनी आणि बॉवर्स यांनी १९५२ मध्येच ते चुंबकीय मोजमापांवरून ओळखलं होतं. तिथलं अंतर आहे सुमारे ४१० केल्विन, म्हणजे मर्यादा ३७० केल्विनच्या आसपास. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर, म्हणजे ३१६ केल्विनवर असताना हिशेब केला, तर सिंगलेटची शक्यता ०.५५ आणि नातं −०.३० येतं. पंखा बंद असलेल्या खोलीतल्या त्या बाटलीत गुंता शाबूत असतो. पण तो जोडीपुरताच. कात्री दोन जोड्यांच्या मधून फिरवली, तर एकही धागा तुटत नाही.